वाक्य बरोबर कुठलं? क्रियापदाला विचारा

भरती, बँक आणि परदेशातल्या परीक्षा, सगळीकडून या वेळी एकाच जातीची पत्रं आलीत, 'अचूक वाक्य निवडा' वाली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही छोटे करून घेतलेत.

प्रश्न : ताई, तलाठी, पोलीस भरती, एमपीएससीची कम्बाइन सगळ्याची तयारी चालू आहे. गणित-सामान्यज्ञान जमतं पण 'व्याकरणदृष्ट्या अचूक वाक्य ओळखा' आलं की चारही वाक्यं बरोबरच वाटतात. मराठी तर आपली भाषा ना, मग मार्क इथेच का जातात? (एक उमेदवार, लातूर)

उत्तर : आपली आहे म्हणूनच जातात. इंग्रजी वाक्य आपण संशय घेत घेत वाचतो, मराठी नुसतं कानाने वाचतो आणि कानाला घरात जे ऐकलंय ते बरोबर वाटणारच. तुमच्या लातूर-सोलापूरकडे 'मी काम केलो' सर्रास बोलतात, नागपूरच्या पोराला 'तो जाऊन राहिला' खटकत नाही, मुंबईची पोरगी 'मी घरी गेली' म्हणते, आणि पेपर काढणाऱ्याला हे सगळं पक्कं माहीत असतं, तो तेच ऑप्शनमध्ये टाकतो. म्हणून कानाला जरा बाजूला बसवा आणि क्रियापदाला विचारा, बाबा तू कोणाच्या मागे चाललायस?

'सीमा पोळी खाते' मध्ये ते सीमाच्या मागे आहे, सीमाच्या जागी राजू आला की 'खातो' होतं, हा कर्तरी प्रयोग. 'सीमाने पोळी खाल्ली, सीमाने आंबा खाल्ला, सीमाने आंबे खाल्ले' इथे सीमा तीच पण क्रियापद पोळी-आंब्याच्या मागे पळतंय, हा कर्मणी. आणि 'सीमाने मांजराला पकडले' मध्ये ते कोणाच्याच मागे नाही, मांजर एक असो की दहा असोत, 'पकडले' ते 'पकडले'च, हा भावे. प्रयोग ओळखा म्हणून हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, पण अचूक वाक्य ओळखताना तेच वापरायचं हे कोणाच्या डोक्यात येत नाही. ज्या शब्दाला 'ने' किंवा 'ला' चिकटलाय त्याच्या मागे क्रियापद जाणार नाही एवढं धरून चाला. 'शिपायाने चोर पकडला' बरोबर, 'शिपायाने चोराला पकडले' बरोबर, आणि 'शिपायाने चोराला पकडला' चूक, कारण चोराला 'ला' लागला तरी क्रियापद अजून त्याच्याच मागे फिरतंय. पोलीस भरतीवाल्यांनी हे वाक्य लक्षातच ठेवा.

आता तुमच्या 'मी काम केलो' कडे येते. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना 'ने' लागलेला दिसत नाही, म्हणून इथे फसायला होतं. ट्रिक अशी की 'मी' काढा आणि तिथे तिसराच माणूस बसवा. 'त्याने काम केले' असंच म्हणाल ना, 'तो काम केला' नाही म्हणणार. म्हणजे 'ने' लागतोय, म्हणजे क्रियापद कामाच्या मागे, म्हणजे 'मी काम केले'. उलट 'मी पुण्याला गेलो' मध्ये तिसरा माणूस बसवला की 'तो गेला' होतं, 'ने' येत नाही, म्हणजे 'गेलो' बरोबर. 'तू पोळी खाल्लीस' मधला शेवटचा स बघून बिचकू नका, तो फक्त 'तू'ची खूण आहे, आधीचं 'खाल्ली' पोळीच्याच मागे आहे.

याला अपवाद आहेत आणि पेपरात तेच आवडीने येतात. शिकणे, विसरणे, बोलणे, पिणे यांना कर्म असूनसुद्धा भूतकाळात 'ने' लागत नाही. 'तो धडा शिकला', 'ती निरोप विसरली', 'तो खोटे बोलला', 'तो दूध प्याला'. त्यामुळे 'त्याने मराठी शिकले' हा ऑप्शन दिसायला कितीही नीट असला तरी चूक. आणि एक म्हणणे, त्याच्या दोन्ही वाटा चालतात, 'तो म्हणाला' पण आणि 'त्याने म्हटले' पण, फक्त 'त्याने म्हणाला' अशी खिचडी करायची नाही.

हे हलक्यात घेऊ नका बरं का. २०२३च्या तलाठी भरतीत १०० प्रश्न २०० मार्कांना होते, त्यातले २५ मराठीचे, म्हणजे ५० मार्क. तिथे निगेटिव्ह नव्हतं, पण एमपीएससीत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांतला पाव भाग कापतात, तिथे कानावर विसंबणं महागात पडतं.

प्रश्न : चारपैकी दोन वाक्यं व्याकरणाने बरोबर असली तर काय करायचं? आमचे क्लासचे सर सांगतात सगळ्यात छोटं मारा. हे दरवेळी चालतं का? (पुणे)

उत्तर : बऱ्याचदा चालतं, दरवेळी नाही. दोन्ही बरोबर असतील आणि अर्थही तोच असेल तर कमी शब्दांचं घ्या, यात सरांचं बरोबर आहे. आपल्याकडे 'पिवळा पितांबर' आणि 'गाईचं गोमूत्र' अशी थट्टा करतात ना, पितांबर पिवळाच असतो आणि गोमूत्र गाईचंच. हे दोन सगळ्यांना माहीत असतात म्हणून पेपरात येत नाहीत, त्यांची भावंडं येतात. 'परत पुन्हा', 'निदान कमीत कमी', 'सर्वात उच्चतम' (तम म्हणजेच सर्वात), 'दरवर्षी होणारा वार्षिक समारंभ', 'विंध्याचल पर्वत' (अचल म्हणजे पर्वतच की), 'तोही सुद्धा'. शब्दसमूहाबद्दल एक शब्द हा टॉपिक केला असेल तर तोही इथे कामाला येतो, 'तो उपकार जाणणारा कृतज्ञ माणूस आहे' मध्ये कृतज्ञ म्हणजेच उपकार जाणणारा, मग दोन्ही कशाला.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते 'कारण' आणि 'म्हणून' च्या जोडीत. 'कारण पाऊस पडत होता म्हणून मी आलो नाही.' हे इतकं ओळखीचं वाटतं की कोणी थांबतच नाही. 'पाऊस पडत होता म्हणून मी आलो नाही' किंवा 'मी आलो नाही, कारण पाऊस पडत होता', दोघांपैकी एकच ठेवा. 'परंतु तरीपण' चं पण तेच.

पण दुसऱ्यांदा आलेलं सगळंच फालतू नसतं हं. 'हळूहळू', 'लाललाल', 'बाजारहाट', 'कागदपत्र' हे अभ्यस्त शब्द आहेत, मराठीत ते असेच बनतात, त्यांना कात्री लावायला जाऊ नका.

आणि छोटं वाक्य कधी मार खातं सांगते. 'रामाने शामला त्याची वही दिली.' वही कोणाची? रामाची, शामची की तिसऱ्याच कोणाची? 'रामाने शामला आपली वही दिली' म्हटलं की वही रामाची, विषय संपला. शामची असेल तर 'रामाने शामला शामचीच वही परत दिली' असं लांबडं वाक्य घ्यावं लागेल आणि ते लांबडंच बरोबर. म्हणजे क्रम असा, आधी व्याकरणाने चूक ते उडवा, मग ज्याचे दोन अर्थ निघतात ते उडवा, आणि उरलेल्यातलं छोटं घ्या. सर बहुतेक घाईत शेवटचंच सांगत असतील.

प्रश्न : मॅडम, मी पंचायत समितीत लिपिक आहे, खात्याच्या परीक्षेला बसतोय. इतकी वर्षं 'करण्यात येत आहे' लिहून लिहून तेच बरोबर वाटतं. ते चूक आहे का? (बीड जिल्हा)

उत्तर : चूक नाही. 'पंचनामा करण्यात आला' मध्ये कोणी केला ते सांगायचं नसतं किंवा ते महत्त्वाचं नसतं, तिथे ही रचना चपखल बसते. 'रामाकडून रावण मारला गेला' असली नवीन कर्मणीची वाक्यंही शुद्धच आहेत, प्रयोग ओळखा मध्ये येतात. घोटाळा होतो तो करणारा वाक्यात समोर हजर असताना त्याला 'च्या वतीने', 'च्या माध्यमातून', 'द्वारे' च्या मागे लपवतात तेव्हा. तुमच्याकडच्या फायलीत शोभेल असं एक वाक्य घेऊ.

'सदर बैठकीमध्ये उपस्थित असलेल्या सर्व सदस्यांच्या वतीने सदर विषयाबाबत चर्चा करण्यात येऊन निर्णय घेण्यात आला.'

यातला पहिला 'सदर' गेला तरी बैठक तीच राहते. बैठकीत जे होते तेच उपस्थित, सदस्यांनी स्वतःच चर्चा केली तर 'वतीने' कशाला, वतीने म्हणजे त्यांच्या बदल्यात दुसऱ्याने केली असा अर्थ होतो उलट. उरतं काय तर 'बैठकीत सर्व सदस्यांनी या विषयावर चर्चा करून निर्णय घेतला'. करणारा आला, क्रियापद 'निर्णया'च्या मागे गेलं, पंधरातले सहा शब्द वाचले. परीक्षेत 'अधिक सुटसुटीत वाक्य निवडा' आलं तर हे असं करायचं. ऑफिसात साहेब काय म्हणतील ते तुम्ही आणि साहेब बघा.

प्रश्न : महत्व की महत्त्व? आणि गुरु की गुरू? (सातारा, ठाणे, अकोला आणि अजून बरेच)

उत्तर : महत्त्व, दोन त. महत् अधिक त्व. तसंच तत्त्व, सत्त्व, व्यक्तिमत्त्व. पण नेतृत्व, कर्तृत्व, प्रभुत्व मध्ये मूळ शब्दाच्या शेवटी त नाही म्हणून एकच. गुरू, कवी, व्यक्ती एकटे असतील तर शेवट दीर्घ, समासात पुढे शब्द आला की ह्रस्व, गुरुवार, कविमन. 'आणि' कायम ह्रस्व. उज्ज्वल मध्ये दोन ज, पारंपरिक मध्ये दुसऱ्या प ला काना नाही. गरीब-गरिबाला, मूल-मुलाला असं बदलतं पण शरीर-शरीराला तसंच राहतं कारण ते संस्कृतातून जसंच्या तसं आलंय. आणि 'माझ्या साठी', 'तुझ्या पेक्षा' असं तोडून लिहायचं नाही, शब्दयोगी अव्यय जोडूनच, मोबाइलच्या कीबोर्डने ही सवय फार बिघडवलीय. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण १८ आहेत, १४ १९६२चे आणि ४ १९७२चे, दोन-तीन बैठकांत सहज वाचून होतात, त्यासाठी वेगळा क्लास लावू नका.

प्रश्न : 'घरी जाऊन पाऊस सुरू झाला' हे टेस्ट सिरीजमध्ये चूक दिलं होतं. का ते कळलं नाही. (नाशिक)

उत्तर : कारण या वाक्यात घरी पाऊस गेलाय. 'ऊन' लागलेलं काम आणि शेवटचं काम दोन्ही एकानेच करायचं असतं. 'घरी जाऊन मी जेवलो' मध्ये जाणारा मी, जेवणारा मी. पाऊस सुरू होणार असेल आणि जाणारे तुम्ही असाल तर 'घरी गेल्यावर पाऊस सुरू झाला' म्हणा, 'ल्यावर' ला दोन वेगळे कर्ते चालतात.

मात्र हा नियम ताणू नका, इथे मराठी जरा सैल आहे. 'भिंत पडून दोघे जखमी झाले' एकदम बरोबर, पडली भिंत आणि जखमी झाली माणसं, पण पहिल्यामुळे दुसरं घडलंय म्हणून चालतं. 'लग्न होऊन दहा वर्षे झाली' पण चालतं, तिथे काळ मोजलाय. आणि 'बातमी ऐकून मला आनंद झाला' मध्ये व्याकरणाने कर्ता आनंद असला तरी ऐकणारी मी आणि आनंद होणारीही मीच, त्यामुळे काही प्रश्न नाही. 'ताना' बद्दल पण दोघांनी विचारलंय, तिथे जागेचं बघा. 'धावताना मी त्याला पाहिले' मध्ये कोण धावत होतं, मी की तो? 'मी त्याला धावताना पाहिले' म्हटलं की साधारण तो धावतोय असं कळतं, आणि 'मी धावत असताना त्याला पाहिले' मध्ये तर शंकाच नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी अकरावीत आहे, इथल्या कॉलेज प्रवेशाच्या एसएटी आणि एसीटी या दोन्ही परीक्षा देणार म्हणते. तिच्या मैत्रिणी म्हणतात इंग्लिशमध्ये सगळ्यात शॉर्ट ऑप्शन टिक करायचा. मी मराठी मीडियमची, तिला काय सांगू? (एक आई)

उत्तर : मैत्रिणी एसीटीबद्दल बोलत असणार. तिथे शब्दांचा फाफटपसारा हा थेट प्रश्नाचा विषय असतो, एक भाग अंडरलाइन करून देतात, पहिला ऑप्शन 'नो चेंज' आणि कधी कधी एक ऑप्शन तो भाग सरळ काढूनच टाका असा. वर 'दरवर्षी होणारा वार्षिक समारंभ' आला ना, तोच तिथे 'ॲन्युअल फेस्टिव्हल हेल्ड एव्हरी इयर' म्हणून भेटतो. अर्थ तोच राहत असेल तर छोटा ऑप्शन घे म्हणावं. पण काढून टाकला आणि पुढच्या वाक्यातला 'दे' किंवा 'इट' कोणासाठी आलाय तेच कळेनासं झालं तर नाही काढायचा, राम-शामच्या वहीसारखं. मोठ्या भावंडाचे किंवा शेजाऱ्यांचे जुने पेपर वापरत असेल तर एक बघा, इंग्लिशचे पूर्वी ४५ मिनिटांत ७५ प्रश्न असायचे, २०२५ पासून जो नवा फॉर्म आणला त्यात ३५ मिनिटांत ५० आहेत.

एसएटी वेगळी. आता ती कॉम्प्युटरवर असते, रीडिंग आणि रायटिंग एकत्र, ६४ मिनिटांत ५४ प्रश्न, दर प्रश्नाला छोटा उतारा. तिथे कमी शब्दांचा ऑप्शन शोधण्यापेक्षा वाक्य कुठे संपतं, कॉमा की सेमीकोलन, कर्ता एकवचनी की अनेकवचनी, हे जास्त विचारतात. आणि नाशिकच्या वाचकांचा पाऊस तिथेही पडतो बघा. 'वॉकिंग होम, द रेन स्टार्टेड' म्हणजे चालत घरी पाऊसच निघाला. कॉमानंतर लगेच चालणारा माणूस यायला हवा. मराठीत 'पडून', 'होऊन' ला जी सूट आहे ती इंग्रजीत या जागी नाही, एवढं तुम्ही तिला मराठी मीडियममधून शिकवू शकता, उगाच कमी लेखू नका स्वतःला. पुढे एमबीएला जाणार असेल तर जीमॅटच्या जुन्या सेंटेन्स करेक्शनच्या गठ्ठ्यांवर पैसे घालू नका, २०२३च्या शेवटी जी नवी जीमॅट आली तिच्यातून तो प्रकारच काढलाय.

प्रश्न : बँकेच्या परीक्षेत इंग्रजीच्या सेंटेन्स इम्प्रूव्हमेंटला (दिलेलं वाक्य सुधारा) नेहमी 'नो इम्प्रूव्हमेंट', म्हणजे आहे तेच बरोबर, टाकतो आणि नेहमी चुकतं. (नांदेड)

उत्तर : कारण ती वाक्यं मराठीतून बघितली तर खरंच बरोबर असतात! 'ऑलदो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट' आपल्याला पटतं कारण मराठीत जरी आलं की तरी यायलाच लागतं, 'जरी तो गरीब असला तरी प्रामाणिक आहे', तरी काढलं तर वाक्य लंगडं होतं. इंग्रजीत जोडीतला एकच ठेवायचा, ऑलदो ठेवलं तर बट जाणार. म्हणजे मराठीत 'कारण-म्हणून' मधलं एक काढायचं पण 'जरी-तरी' दोन्ही ठेवायचे, आणि इंग्रजीत 'ऑलदो-बट' मधलं एक काढायचं, ही गुंतागुंत एकदा शांतपणे वहीत लिहून काढा.

बाकीचे पण असेच. 'विषयी चर्चा' वरून 'डिस्कस अबाउट' येतं, तिथे अबाउट नको. 'च्याशी लग्न' वरून 'मॅरीड विथ', तिथे टू. 'माझ्यापेक्षा सीनियर' वरून 'सीनियर दॅन', तिथेही टू. 'परत आला' वरून 'रिटर्न्ड बॅक', तिथे बॅक फालतू. 'मला दोन भाऊ आहेत' चं 'आय ॲम हॅविंग' करायचं नाही, नुसतं हॅव. एका ठिकाणी मात्र मराठी उलट वाचवते, 'वन ऑफ माय फ्रेंड' की 'फ्रेंड्स' असा गोंधळ झाला तर मनात 'माझ्या मित्रांपैकी एक आला' म्हणा, 'मित्रां'वर अनुस्वार आहे म्हणजे फ्रेंड्स, आणि 'आला' एकवचनी म्हणजे क्रियापद हॅज.

'नो इम्प्रूव्हमेंट' हे कधीकधी खरं उत्तरही असतं, त्याला शिवायचंच नाही असं नाही. फक्त वाक्याचं मनात मराठी करून बघा, शब्दाला शब्द जर अगदी मराठीसारखा बसत असेल तर तिथे दुसऱ्यांदा वाचा.

प्रश्न : तुम्ही स्वतः सदरात 'केलं', 'सांगितलं', 'ऑप्शन', 'मार्क' लिहिता आणि आम्हाला प्रमाण मराठी शिकवता. हे कसं काय? (कोल्हापूर)

उत्तर : सदर म्हणजे गप्पा आहेत हो. 'केलं' हे बोलण्यातलं रूप आहे आणि अनुस्वार देऊन लिहिलं की त्यात चूक काही नाही, चूक आहे ती नुसतं 'केल', 'सांगितल' लिहिणं, आणि हल्ली मेसेजमध्ये दहातले नऊ जण तेच लिहितात. परीक्षेच्या वाक्यात मात्र 'केले', 'सांगितले' धरून चाला, तिथे गुणच म्हणा, मार्क नको. घरी 'मी केलो' म्हणत असाल तर घरी तेच म्हणा, आजीला दुरुस्त करायला जाऊ नका, ती तिच्या बोलीत शुद्धच बोलतेय. लेखी पेपर असेल तर एक करा, पहिल्या ओळीत जे रूप धराल ते शेवटपर्यंत धरा, वर 'त्यांनी सांगितले' आणि खाली 'मी ऐकलं' असं मिसळलेलं दिसलं की माझ्या हातातलं लाल पेन तरी थांबत नाही.